टर्नटेबलची केबल बदलली की आवाजात नेमकं काय बदलतं?

माझ्या मामेभावाने मध्यंतरी टर्नटेबलची केबल बदलली आणि रात्री साडेअकराला मला फोन केला. "दादा, रेकॉर्ड तीच, सुई तीच, पण झांज अशी आधी कधी वाजलीच नव्हती, प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतोय." मी त्याला लगेच भास झालाय म्हणून उडवून लावलं नाही. सीडी प्लेअर किंवा डॅकमधून (डिजिटल संगीताचा अॅनालॉग सिग्नल करणारं यंत्र) अॅम्पला जाणाऱ्या केबलबद्दल तो हेच बोलला असता तर म्हटलं असतं की बाबा रे, झोप आता. पण टर्नटेबलमधून निघणारी केबल हे वेगळं प्रकरण आहे. इथे केबलचा आवाजावर खरोखर परिणाम होऊ शकतो, फक्त तो ज्या कारणाने होतो ते कारण केबल विकणारे सहसा सांगत नाहीत, आणि जी कारणं ते सांगतात त्यांनी बहुतेक वेळा काहीच होत नाही.

सुरुवात सिग्नलपासून करू. सीडी प्लेअरमधून साधारण २ व्होल्टचा सिग्नल बाहेर पडतो. टर्नटेबलच्या सुईला जोडलेलं जे कार्ट्रिज असतं, त्यातला मूव्हिंग मॅग्नेट म्हणजे एमएम प्रकार आपल्या बहुतेकांकडे असतो, तो ४-५ मिलिव्होल्ट देतो. म्हणजे चारशे पटीने बारीक सिग्नल. मूव्हिंग कॉइल म्हणजे एमसी त्याहून नाजूक, डेनॉनचं डीएल-१०३ हे १९६० च्या दशकापासून चालत आलेलं कार्ट्रिज आहे ते ०.३ मिलिव्होल्ट देतं. एवढासा सिग्नल केबलमधून फोनो स्टेजपर्यंत, म्हणजे टर्नटेबलचा सिग्नल अॅम्पच्या आधी वाढवणाऱ्या सर्किटपर्यंत पोचतो आणि तिथे एमएमसाठी साधारण शंभर पट, एमसीसाठी हजार पट वाढवला जातो. वाटेत त्याच्यात जी काही घाण मिसळली असेल ती पण तेवढीच वाढते हे ओघाने आलंच.

त्यात आणखी एक भर आहे. रेकॉर्ड कापताना खालचे सूर, म्हणजे बेस, मुद्दाम कमी करून कापतात आणि वरचे वाढवून, नाहीतर बेसची खाच इतकी रुंद होईल की एका बाजूवर गाणी मावणारच नाहीत. वाजवताना फोनो स्टेज बरोबर उलटं करते. १९५४ पासून यासाठी आरआयएए नावाचं प्रमाण आहे. आता हे उलटं करताना ५० हर्ट्झच्या आसपासचा आवाज मधल्या सुरांच्या तुलनेत जवळपास १७ डेसिबलने वाढतो, म्हणजे सातपट. आणि घरातल्या विजेची फ्रिक्वेन्सी किती? ५० हर्ट्झ, काही देशांत ६०. म्हणजे केबलमध्ये विजेची जरा जरी गुणगुण शिरली तरी आधी शंभर पट आणि त्यावर सात पट, सातशे पटीने मोठी होऊन स्पीकरमधून बाहेर येणार. टर्नटेबलवाल्यांच्या आयुष्यात हा 'हम' म्हणूनच कायम हजर असतो.

त्यामुळे केबलचं पहिलं काम म्हणजे बाहेरचं काही आत येऊ न देणं, म्हणजे शील्डिंग. आतल्या तारेभोवती जी जाळी विणलेली असते ती किती दाट आहे, प्लगपाशी ती नीट सोल्डर केलीय का, याने फरक पडतो, आणि तो ऐकायला सोनेरी कान लागत नाहीत. पण एकदा शील्ड पुरेशी झाली की झाली, त्याच्यावर आणखी तीन थर चढवून शांतता आणखी शांत होत नाही, कारण रेकॉर्डचा स्वतःचा पृष्ठभागाचा आवाजच केबलच्या कितीतरी वर असतो.

आणि हम आला म्हणून लगेच केबलला दोष देऊ नका हे मी कळकळीने सांगतो. माझ्याकडे एकदा हम सुरू झाला, हळू गाण्यात स्पष्ट ऐकू यायचा, मी दोन केबल बदलून पाहिल्या, प्लग उलटसुलट केले, अॅम्प सरकवला, काही फरक नाही. मग एकदा असंच आर्मच्या, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याच्या धातूला बोट लागलं आणि हम एकदम कमी झाला, बोट काढलं की परत. तिथे कळलं. टर्नटेबलमधून डाव्या-उजव्या आवाजाच्या दोन आरसीए केबलसोबत (मधे पिन आणि बाहेर कडं असलेल्या प्लगच्या) एक तिसरी बारीक वायर निघते, टोकाला दोन पाकळ्यांचा पत्र्याचा चिमटा असतो, ती ग्राउंडची. फोनो स्टेजच्या मागचा स्क्रू सोडवला तर चिमटा काळा पडलेला होता आणि त्याच्या एका पाकळीखाली वायरचं प्लास्टिकच दाबलं गेलं होतं, धातूला धातू धड टेकतच नव्हता. बारीक पॉलिश पेपरने घासला, प्लास्टिक अर्धा सेंटिमीटर मागे सोललं, स्क्रू घट्ट केला. हम गेला. आजार म्हशीला आणि औषध पखालीला अशातला प्रकार चालला होता. तर आधी ग्राउंड वायर बघा, आर्मला बोट लावून बघा, केबल कुठल्या अडॅप्टरला किंवा अॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरला घासून जात नाही ना ते बघा, पॉवरची वायर ओलांडायचीच असेल तर आडवी ओलांडा, शेजारून समांतर नेऊ नका.

आता मूळ मुद्दा, कपॅसिटन्स. हा शब्द आला की लोक पुढचं वाचायचं सोडतात पण टर्नटेबलच्या केबलची सगळी गंमत याच्यात आहे, त्यामुळे जरा थांबा.

कोणत्याही शील्डवाल्या केबलमध्ये मधली तार आणि भोवतीची जाळी, मध्ये प्लास्टिक, अशी रचना असते. दोन धातू समोरासमोर आणि मध्ये इन्सुलेशन म्हणजे झालाच की कपॅसिटर, थोडी वीज साठवून धरणारा, तुम्ही मागा किंवा नका मागू. तो पिकोफॅरॅडमध्ये मोजतात आणि साध्या आरसीए केबलमध्ये तो मीटरमागे साधारण ५० ते १५० असतो, काहींमध्ये त्याहून जास्त. जेवढी लांब केबल तेवढा जास्त. सीडी प्लेअरला याचं काहीही वाटत नाही, कारण त्याच्या आउटपुटमध्ये हा छोटा कपॅसिटर सहज हलवायची ताकद असते. पण एमएम कार्ट्रिजच्या आत केसासारख्या बारीक तारेची भरपूर वेटोळी असतात, आणि त्यामुळे त्याचा इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या करंटला वेटोळ्यांचा होणारा विरोध, चांगला दणकट असतो. उदाहरणार्थ ऑडिओ टेक्निकाच्या व्हीएम९५ई चा ५५० मिलिहेन्री, ऑर्टोफॉनच्या २एम रेडचा ६३०.

इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स एकत्र आले की झोपाळा तयार होतो असं समजा. झोपाळ्याला त्याची स्वतःची एक लय असते, त्या लयीत हलकासा धक्का दिला तरी तो उंच जातो, आणि त्याहून भराभर धक्के दिले तर जागच्या जागी थरथरतो फक्त. कार्ट्रिज आणि केबल मिळून असाच एक झोपाळा होतो. ज्या सुरावर त्याची लय जुळते तिथे आवाज थोडा फुगतो आणि त्याच्या वरचे सूर भराभर पडत जातात. फुगणार किती हे बरंचसं फोनो स्टेजच्या ४७ हजार ओहमच्या रेझिस्टन्सवर ठरतं, तो म्हणजे झोपाळ्याला धरून ठेवणारा हात. आणि लय कुठे जुळणार हे कपॅसिटन्सवर.

आकडेच मांडतो म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही. ५५० मिलिहेन्रीच्या कार्ट्रिजला एकूण २०० पिकोफॅरॅड मिळाले तर ही जागा येते १५ किलोहर्ट्झच्या जवळ, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, आणि तिथे फुगवटा जवळपास नसतोच. तेच ४०० पिकोफॅरॅड झाले तर जागा खाली सरकून पावणेअकरा किलोहर्ट्झच्या आसपास येते आणि हिशेबाने साधारण २ डेसिबलचा फुगवटा येतो. पावणेअकरा किलोहर्ट्झवर झांजेची चमक असते, गायकाच्या 'स' आणि 'श' मधली धार असते. २ डेसिबल ऐकू येतात, त्याला काही विशेष कान लागत नाहीत. आणि त्या फुगवट्याच्या वरचं सगळं दबतं, म्हणजे एकीकडे धार वाढते आणि दुसरीकडे आवाजातला मोकळेपणा जातो. म्हणूनच कार्ट्रिज बनवणारे त्याच्या कागदावर लिहून देतात, व्हीएम९५ई ला १०० ते २०० पिकोफॅरॅड, २एम रेडला १५० ते ३००. आपण तो कागद खोक्यातच ठेवून देतो.

इथे एक गैरसमज होतो की मग कमीत कमी कपॅसिटन्स म्हणजे सगळ्यात भारी. तसं नाही. बनवणाऱ्याने सुईच्या यांत्रिक हालचालीचा आणि या विजेच्या झोपाळ्याचा मेळ घालून आवाज सरळ ठेवलेला असतो, तुम्ही कपॅसिटन्स फारच कमी केला तर वरचे सूर थोडे आधीच उतरायला लागू शकतात. दिलेल्या हद्दीत राहायचं एवढंच. आणि हद्द एकूण बेरजेची आहे हे महत्त्वाचं, नुसत्या केबलची नाही. आर्मच्या आतल्या वायरचे थोडे, केबलचे, आणि फोनो स्टेजच्या आत बसवलेल्या कपॅसिटरचे. हा शेवटचा आकडा कधीकधी एकटाच २२० असतो! म्हणजे केबल कितीही नामांकित घातली तरी हद्द आधीच ओलांडलेली. काही फोनो स्टेजवर मागे किंवा खाली बारीक स्विच असतात त्याने हा आकडा कमी जास्त करता येतो, आणि तो स्विच फुकट आहे.

एमसीवाल्यांनी यातून मोकळं व्हावं. त्यांच्या कॉइलला वेटोळी फार कमी, त्यामुळे इंडक्टन्स नगण्य, झोपाळ्याची लय ऐकण्याच्या पट्ट्याच्या खूप वर जाते. त्यांनी फक्त शील्डिंग आणि ग्राउंडकडे लक्ष द्यावं, कारण सिग्नल आणखी बारीक आहे. आणि ज्यांच्या टर्नटेबलमध्ये फोनो स्टेज आतच आहे आणि तीच वापरतायत त्यांना तर सिग्नल आतच वाढवून मिळतो, बाहेरच्या केबलने त्यांचं काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही. तुटकी नसली म्हणजे झालं.

बाकी जे दावे असतात ते पटापट सांगतो. चांदी तांब्यापेक्षा वीज चांगली वाहते, हो, साधारण ६ टक्क्यांनी. पण एक मीटर तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स असतो ०.१ ओहमच्या आसपास आणि तो सिग्नल पुढे जातो ४७ हजार ओहममध्ये. त्या ०.१ चे ६ टक्के वाचवून काय हाती लागणार, आणि त्याआधी तो सिग्नल शेकडो ओहमच्या तांब्याच्याच कॉइलमधून आलेला असतो. ऑक्सिजन नसलेलं तांबं, तेच. स्किन इफेक्ट, म्हणजे वरचे सूर तारेच्या फक्त पृष्ठभागावरून वाहतात वगैरे, २० किलोहर्ट्झलाही तांब्यात ती खोली जवळपास अर्धा मिलिमीटर असते आणि आपली तार त्याहून बारीक. केबलवर बाण असतात त्याला मात्र कधीकधी अर्थ असतो, शील्ड एकाच टोकाला जोडलेली असते तेव्हा ते टोक कुठलं हे कळावं म्हणून, इलेक्ट्रॉनना रस्ता दाखवायला नाही. आणि केबल शंभर तास वाजवून 'उघडते' यात मला काहीही तथ्य दिसलेलं नाही, उघडतात ते आपले कान, नवीन आवाजाला सरावतात.

कानांवरून आठवलं. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये स्पीकरवर एक प्रयोग मांडला होता, तेच लोक, तेच स्पीकर, एकदा समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड. गुण बदलले. अनुभवी ऐकणाऱ्यांचेही बदलले. ते लोक खोटं बोलत नव्हते, डोळ्यांनी पाहिलेलं कानात उतरतंच, तुमच्या माझ्याही. त्यात रेकॉर्डच्या बाबतीत आणखी एक भानगड असते, केबल बदलायची म्हणजे तुम्ही प्लग काढून परत घालता, त्याने सॉकेटवरचा ऑक्साइड घासला जातो, टर्नटेबल सरकवून परत ठेवता, हातासरशी सुई पण साफ करता. मग आवाज सुधारला तर त्याचं श्रेय नव्या केबलला द्यायचं का? म्हणून माझा आग्रह असतो की नवी केबल घ्यायच्या आधी जुनीच केबल चार-पाच वेळा काढून घाला, प्लग आणि सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, हेडशेलच्या (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसवायचा तुकडा) मागच्या चार बारीक पिना आणि कार्ट्रिजवरच्या चार रंगीत वायरींची टोकं बघा, आणि मग ऐका. तपासायचंच असेल तर एकच गाणं दोन्ही केबलने कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करा, आवाजाची पातळी समान करा, आणि घरातल्या कुणाला तरी न सांगता वाजवायला लावा.

आणि सुई जुनी झाली असेल, रेकॉर्डवर पडणारं सुईचं वजन चुकलं असेल, कार्ट्रिज वाकडं बसलं असेल तर रेकॉर्डच्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात आवाज फाटणारच, तिथे केबल काय करणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

तर मामेभाऊ. पुढच्या रविवारी मी मीटर घेऊन त्याच्याकडे गेलो. केबल मोजणं सोपं आहे, पिकोफॅरॅड दाखवणारा मीटर हवा, केबल दोन्ही टोकांनी सुटी करायची, मीटरच्या तारा नुसत्या हवेत धरल्या तर काय आकडा दिसतो तो आधी लिहून घ्यायचा, मग एक तार प्लगच्या मधल्या पिनेला आणि एक बाहेरच्या कड्याला लावायची आणि आधीचा आकडा वजा करायचा. केबल टर्नटेबलला कायमची जोडलेली असेल तर हेडशेल काढून मोजा, म्हणजे आर्मच्या वायरसकट आकडा मिळतो. कार्ट्रिज जोडलेलं असताना मीटर लावू नका, एमसीला तर मुळीच नाही, मीटरच्या करंटने त्या नाजूक कॉइलचं नुकसान होऊ शकतं.

जुनी केबल, टर्नटेबलसोबत आलेली, काळी, बारीक, कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही अशी, ९५ पिकोफॅरॅड. नवी, बोटाएवढी जाड, विणलेल्या कापडाच्या वेष्टणात, भरदार प्लगची, २४० पिकोफॅरॅड. त्याच्याकडे व्हीएम९५ई आहे, म्हणजे हद्द २०० ची. फोनो स्टेजचे १०० आणि आर्मचे ३० धरले तर जुन्या केबलने एकूण २२५ होत होते, हद्दीच्या जरासेच वर, आणि नव्या केबलने ३७०. लय सव्वाचौदा किलोहर्ट्झवरून थेट अकराच्या आसपास खाली आली होती आणि झांज तिथेच फुगली होती.

म्हणजे त्याने फोनवर जे सांगितलं ते खरं होतं. त्याला फरक ऐकू आला, तो आकड्यातही दिसत होता, फक्त तो सुधारणेचा नव्हता. मी त्याला विचारलं की सलग तासभर ऐकल्यावर कसं वाटतं, तर म्हणाला की दुसऱ्या रेकॉर्डपर्यंत आवाज कमी करावासा वाटतो, गाणाऱ्या बाईंचा 'स' टोचतो, मला वाटलं ती रेकॉर्डच तशी आहे. आम्ही जुनी केबल परत लावली, प्लग पुसून, ग्राउंडचा स्क्रू घट्ट करून, आणि तीच बाजू पहिल्यापासून लावली. पहिली पाच मिनिटं त्याला आवाज मंद वाटला. तिसऱ्या गाण्याला तो काही बोलला नाही, रेकॉर्ड पालटायला स्वतःच उठला.

नवी केबल वाया गेली नाही. फोनो स्टेज आणि अॅम्पच्या मध्ये लावलीय, तिथे सिग्नल वाढलेला असतो आणि २४० पिकोफॅरॅडने काहीही होत नाही. शिवाय दिसते छान.